बंदुकीचं कुलूप कुणाच्या हातासाठी?

निवडणूक जाहीर झाली की कोकणातल्या पोलीस ठाण्यांत बंदुका जमा व्हायला लागतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेती संरक्षणाचे परवाने बरेच आहेत. माकडं, वानर, रानडुकरं बागेतून आणि भातातून हुसकावण्यासाठी घेतलेली ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक ठाण्यात येते, मालकाला पावती मिळते आणि निकालानंतर ती घरी परत जाते. ठाण्यात असेपर्यंत तिच्यावर पहारा असतो. घरी मात्र ती माजघराच्या दारामागे, खुंटीवर, माळ्यावर, नाहीतर साड्या, दागिने आणि सातबारे असलेल्या लोखंडी कपाटात राहते. परवान्याच्या अर्जात ‘शस्त्र ठेवायला सुरक्षित जागा आहे का’ असा प्रश्न असतो. त्यापुढे ‘होय’ लिहिणं सोपं असतं. त्या ‘होय’मागे नेमकं काय असायला हवं, ते इथे सांगायचं आहे.

दुकानात जाऊन ‘मजबूत कुलूप द्या’ असं म्हटलं की दुकानदार जड कुलूप काढून देतो. पण मजबूत म्हणजे कुणासमोर मजबूत? बंदुकीच्या बाबतीत अडवायचे हात तीन प्रकारचे असतात. एक घरातल्या मुलाचा, दुसरा घरातल्याच एखाद्या माणसाचा, जो रागाच्या किंवा निराशेच्या टोकाला गेलेला आहे, आणि तिसरा चोराचा. चोर पहार घेऊन येतो, मुलाकडे कुतूहल आणि रिकामी दुपार असते, आणि घरातल्या मोठ्या माणसाकडे बहुधा चावीच असते. म्हणून एका हातासाठी उत्तम असलेलं कुलूप दुसऱ्यासमोर निरुपयोगी ठरू शकतं. खरेदीआधी हे ठरवलं नाही, तर कितीही पैसे घातले तरी बंदूक उघडीच राहते.

मुलापासून सुरुवात करू. ‘आमच्या मुलाला बंदूक कुठे असते ते माहीत नाही’ असं आईवडील मनापासून सांगतात. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या ग्रामीण भागात याचीच तपासणी झाली आणि २००६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संशोधकांनी बंदूक असलेल्या घरांतल्या पालकांना आणि त्यांच्या ५ ते १४ वर्षांच्या मुलांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले. मुलाला जागा माहीत नाही असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांच्या मुलांनी जागा माहीत असल्याचं सांगितलं. मुलाने बंदुकीला कधी हात लावलेला नाही, असं ठामपणे म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्के पालकांची मुलं ‘लावला आहे’ म्हणाली. आपल्याकडे वेगळं चित्र असेल असं मला वाटत नाही. कपाटाची चावी गादीखाली असते की देव्हाऱ्यातल्या डबीत, हे घरातल्या सहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं. म्हणजे मुलासाठी कुलपाच्या पोलादापेक्षा चावीची जागा जास्त महत्त्वाची ठरते. बंदुकीची चावी घराच्या चाव्यांच्या जुडग्यात नको आणि ठरलेल्या खिळ्यावरही नको. ती परवानाधारकाच्या अंगावर असावी. तसं जमत नसेल, तर मुलाला उघडता येणार नाही अशा आकड्यांच्या पेटीत ठेवावी.

आकड्यांच्या कुलपाचा हिशेब सोपा आहे. तीन चाकांच्या कुलपात १००० जुळण्या होतात. एका जुळणीला दोन सेकंद धरले, तर सगळ्या तपासायला अर्ध्या तासापेक्षा थोडाच जास्त वेळ लागतो, आणि मे महिन्याच्या सुट्टीत अर्धा तास ही काही मोठी गोष्ट नाही. चार आकड्यांच्या १०,००० जुळण्यांना हाच वेळ साडेपाच तासांच्या पुढे जातो. पण ते चार आकडे मुलाच्या जन्माचं साल असेल तर सगळा हिशेब वाया गेला. बॅगेचं तीन आकडी कुलूप बंदुकीसाठी घेऊ नये, हे इतकं उघड असूनही घेतलं जातं.

दुसऱ्या हाताबद्दल बोलणं अवघड आहे, म्हणून ते टाळलं जातं. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आत्महत्येचा विचार अनेकदा एखाद्या लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळात हाताशी काय आहे यावर जीव वाचणं अवलंबून असतं. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये एक साधा नियम बदलला: आठवड्याच्या सुट्टीला घरी जाणाऱ्या सैनिकांनी रायफल छावणीतच ठेवायची. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यानंतर १८ ते २१ वयाच्या सैनिकांमधल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. त्या मुलांची दुःखं बदलली नव्हती, त्यांच्या घरातली रायफल तेवढी नाहीशी झाली होती. अमेरिकेतल्या मुलांविषयीचा २००५ चा अभ्यासही हेच सांगतो. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात डेव्हिड ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी २० वर्षांखालील मुलांच्या आत्महत्या आणि बंदुकीचे अपघात तपासले. बंदूक कुलपात ठेवणं, ती रिकामी ठेवणं, काडतुसं कुलपात ठेवणं आणि ती बंदुकीपासून वेगळी ठेवणं या चार सवयींपैकी प्रत्येकीचा संबंध कमी धोक्याशी जुळला.

या चारांपैकी पहिली आणि तिसरी यांच्यासाठी कुलूप दुकानात विकत मिळतं, बाकीच्या दोन्ही सवयी आपण लावून घ्यायच्या असतात. घरात कुणी खचलेलं असेल, कर्जाने, आजाराने किंवा भांडणाने कोसळलेलं असेल, तर कोणतं कुलूप चांगलं हा प्रश्नच बाजूला ठेवावा आणि बंदूक घराबाहेर काढावी. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे शस्त्र सुरक्षित ताब्यात ठेवण्याची सोय कायद्यात आहे. त्यासाठी कुणाला कारणाचा खुलासा देत बसण्याची गरज नाही. ज्याच्या नावावर परवाना आहे तोच खचलेला असेल, तर घरच्यांनी धीर करून हे बोललं पाहिजे, कारण स्वतःच्या चावीपासून माणसाला कुठलंच कुलूप वाचवू शकत नाही. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता प्रत्यक्ष कुलपांकडे येऊ.

बंदुकीवरच बसणारी कुलपं दोन प्रकारची आहेत. पहिल्याला ट्रिगर लॉक म्हणतात. त्याचे दोन भाग चापाच्या दोन्ही बाजूंनी येऊन एकमेकांत बसतात आणि चापापर्यंत बोट जाऊ देत नाहीत. ते स्वस्त असतं आणि लावायला सोपं असतं. पण बंदुकीत काडतूस भरणं ते थांबवत नाही. शिवाय भरलेल्या बंदुकीवर ते चढवणं धोक्याचं असतं, कारण चढवताना-उतरवताना त्याची दांडी चापाला लागू शकते. बनवणाऱ्या कंपन्याही ‘फक्त रिकाम्या बंदुकीवर’ असं बजावतात. दुसरं कुलूप केबलचं असतं: प्लास्टिकचं आवरण असलेली पोलादी तार, तिच्या टोकाला कुलूप. ही तार नळीतून किंवा काडतूस बसतं त्या पोकळीतून ओवायची. तार आत असेपर्यंत बंदूक मिटत नाही, मग त्यात काडतूस भरता येत नाही आणि ती झाडताही येत नाही. या दोघांत मी केबलच्या बाजूने आहे, कारण ती लावण्यासाठी बंदूक आधी उघडावी लागते, आणि उघडली की ती रिकामी आहे की नाही ते आपोआप दिसतं. अमेरिकेत शस्त्र उद्योगाच्या ‘प्रोजेक्ट चाइल्डसेफ’ या मोहिमेने अशी ४ कोटींहून अधिक केबल कुलपं मोफत वाटली आहेत. मात्र तार कापायच्या मोठ्या कात्रीसमोर ती फार टिकत नाही. मुलाला ती थोपवते, चोराला थोपवण्यासाठी ती बनवलेलीच नाही.

कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीला मात्र केबल चालत नाही, आणि ही गोष्ट परदेशी माहितीपत्रकांत सापडणार नाही. ठासणीच्या नळीचं मागचं तोंड बंद असतं. दारू आणि छर्रे पुढूनच ठासायचे, आणि मागे निपल नावाच्या छोट्या नळीवर ठिणगी देणारी केप बसवायची. तार आत घातली तर ती पलीकडे निघायला वाटच नाही. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे ही बंदूक एकदा ठासली की रिकामी करणं कटकटीचं असतं. बहुतेकदा बार उडवूनच ती रिकामी होते. म्हणून रात्री डुक्कर आलंच नाही, तर ठासलेली बंदूक तशीच खुंटीला लागते. वर केप काढून ठेवली म्हणजे ती रिकामी झाली, असा समज आहे. तो चुकीचा आहे. आत दारू आहे तोवर बंदूक भरलेलीच आहे. ठासलेल्या बंदुकीला घरात आणण्याआधी बाहेर सुरक्षित दिशेला रिकामं करणं, नंतर चापाला कुलूप लावून ती बंद पेटीत ठेवणं, आणि दारू व केपा दोन वेगळ्या डब्यांत, घरातल्या चुलीपासून लांब, कुलपात ठेवणं, एवढं केल्याशिवाय या बंदुकीच्या बाबतीत सुरक्षित हा शब्द वापरू नये.

बारा बोअरच्या एकनळी-दुनळी बंदुकीचं काम सोपं आहे. मधून मोडणारी ही बंदूक हाताने तीन भागांत सुटी होते: पुढचा लाकडी दस्ता, नळी, आणि मागचा दस्ता चापासकट. नळी दुसऱ्या कुलपात ठेवली, की उरलेले भाग कुणाच्या हाती लागले तरी बंदूक झाडता येत नाही. सुटी केलेली बंदूक लांबीला कमी भरते, म्हणून तिला छोटी पेटीही पुरते. बोल्ट असलेल्या रायफलीचा बोल्ट असाच काढून वेगळा ठेवता येतो. कोल्हापूर-पुण्याच्या नेमबाजांना ही शिस्त सरावातूनच लागलेली असते. रेंजवर रायफल हातात नसताना तिच्या नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग दिसलाच पाहिजे, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही कळतं. स्वप्निल कुसाळेच्या २०२४ च्या ऑलिंपिक पदकानंतर राधानगरीपासून पुण्यापर्यंत मुलांना नेमबाजीची ओढ लागली आहे. त्यांच्या घरी रायफल येईल तेव्हा रेंजवरची ही शिस्तही सोबत यायला हवी.

लोखंडी कपाट ही आपल्याकडची सर्वांत जुनी तिजोरी. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून मराठी घराचा कुलपांवर आणि पोलादावर विश्वास आहे, आणि तो मिळवलेला आहे. पण कपड्यांचं कपाट कपड्यांसाठी असतं. त्याचा पत्रा पातळ असतो, दाराच्या फटीत पहार शिरते, आणि मुख्य म्हणजे दिवसातून दहा वेळा ते कुणीतरी उघडतं. बंदूक त्यात उभी राहते खरी, पण कपाटाच्या आतल्या छोट्या लॉकरचा उपयोग त्याहून मोठा आहे. त्यात बंदूक मावत नाही, काडतुसं मात्र उत्तम मावतात. बंदूक एका खोलीत वेगळ्या पेटीत आणि काडतुसं कपाटाच्या आतल्या लॉकरमध्ये, वेगळ्या चावीने: बऱ्याच घरांना एवढी व्यवस्था आजच, एक पेटी आणून करता येईल.

ही पेटी घेताना कुलपाचा प्रकार पाहावा. पत्र्याच्या स्वस्त पेट्यांना टेबलाच्या ड्रॉवरला असतं तसलं छोटं कुलूप असतं. त्यांच्या चाव्यांचे मोजकेच प्रकार बनतात, म्हणून एका पेटीची चावी दुसरीला लागण्याची शक्यता राहते. लिव्हरचं कुलूप त्याहून खूप चांगलं. त्यात एकावर एक पट्ट्या असतात. चावीचा प्रत्येक दाता आपली पट्टी नेमक्या उंचीपर्यंत उचलतो, सगळ्या पट्ट्यांच्या खाचा एका ओळीत आल्या की मगच बोल्ट सरकतो. पट्ट्या जितक्या जास्त तितकं ते उघडणं कठीण. कोकणातल्या दमट हवेतही ते वर्षानुवर्षं चालतं आणि त्याला बॅटरी लागत नाही. खेड्यातल्या घरासाठी मी बिनदिक्कत हेच सुचवीन.

इलेक्ट्रॉनिक आणि बोटाच्या ठशाच्या पेट्यांची जाहिरात आकर्षक असते: एका सेकंदात उघडते, चावीची भानगड नाही. पिस्तूल स्वसंरक्षणासाठी बाळगणाऱ्याला हा वेग हवासा वाटतो, आणि ती गरज खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण या पेट्यांमध्ये काय बिघडू शकतं ते आधी कळलं पाहिजे. २०१२ मध्ये लास व्हेगासच्या डेफकॉन परिषदेत मार्क वेबर टोबायस, टोबायस ब्लुझमानिस आणि मॅट फिडलर या कुलूपतज्ज्ञांनी बाजारातल्या अनेक छोट्या गन सेफ अगदी साध्या उपायांनी उघडून दाखवल्या. काही पेट्या तर थोड्या उंचीवरून आपटल्या तरी उघडत होत्या. कारण आतल्या रचनेत होतं. बोल्टला अडवणारी छोटी दांडी फक्त स्प्रिंगच्या जोरावर जागेवर असते, आणि विद्युतचुंबक तिला ओढून घेतो. जोराचा हिसका बसला की दांडी स्वतःच्या वजनाने क्षणभर मागे सरकते, आणि तो क्षण पुरतो.

ठशांची गोष्ट आणखी गंभीर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी उत्पादन सुरक्षा आयोगाने एका कंपनीच्या सुमारे ६१,००० बायोमेट्रिक पेट्या परत मागवल्या. मालकाने ठसा नोंदवून घेतलेला नसेल, तर त्या पेट्या कुणाच्याही बोटाने उघडत होत्या, आणि नोंदणी झाली आहे असं मालकाला वाटत राहायचं. त्या घोषणेत एका १२ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूची नोंद आहे. २०२४ मध्ये आणखी काही कंपन्यांच्या पेट्या याच कारणासाठी परत घ्याव्या लागल्या. म्हणून अशी पेटी घेतली तर ठसा नोंदवल्यावर घरातल्या इतर प्रत्येकाचं बोट लावून पाहावं, आणि ते पेटी रिकामी असताना करावं. आपल्याकडची अडचण याच्या उलटही आहे. कुदळ, कोयता, शेण-माती यांत राबलेल्या हातांचे ठसे झिजतात. रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून परत फिरलेली माणसं आपण पाहतोच. अशा हातांना ठशाची पेटी नको.

ठशाच्या किंवा बटणांच्या बहुतेक पेट्यांत एक राखीव चावीही असते, छोट्या झाकणाखाली लपवलेली. पेटी कितीही आधुनिक असली तरी तिची ताकद त्या राखीव कुलपाइतकीच. आणि ती चावी बहुधा कंपनीच्या खोक्यात, माहितीपत्रकाबरोबर, ड्रॉवरमध्ये पडून असते. कारखान्याने घातलेला मूळ कोड पहिल्याच दिवशी बदलावा. कंपनी स्वतःकडे कोड ठेवते का, हेही विचारावं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ‘लिबर्टी सेफ’ने न्यायालयाचं वॉरंट पाहून एफबीआयला एका ग्राहकाच्या तिजोरीचा कोड दिला, तेव्हा आपल्या तिजोरीला दुसराही कोड आहे हे अनेक मालकांना पहिल्यांदाच कळलं.

चोरासाठी मात्र वजन आणि भिंत यांना महत्त्व आहे. अमेरिकेत घरगुती गन सेफला जो प्राथमिक दर्जा मिळतो, त्याची परीक्षा म्हणजे साधी हातहत्यारं घेतलेल्या एका माणसासमोर पाच मिनिटं टिकणं. म्हणजे चांगली पेटीही चोराला फक्त उशीर करते. तिला उचलून नेता येत असेल, तर तो उशीर त्याच्या घरी होईल. ऑस्ट्रेलियात १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर शस्त्र ठेवण्याचे नियम कडक झाले. तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्यात रिकामी असताना १५० किलोपेक्षा हलकी असलेली पेटी इमारतीला पक्की जोडावी लागते. आपल्याकडे जोडताना भिंत पाहावी. काँक्रीटमध्ये फुगणारा अँकर बोल्ट चांगला धरतो. जांभ्याच्या चिऱ्यात तो भुगा करून सैल होतो. तिथे रसायन भरून बसवायचा अँकर घ्यावा, नाहीतर बोल्ट भिंतीच्या आरपार नेऊन पलीकडे पट्टी लावावी.

पावसाळ्यासाठी एक सूचना: बंदूक चामड्याच्या किंवा स्पंजाच्या आवरणात पेटीत ठेवू नये, ते ओलावा धरतं आणि नळी गंजते. तेलाचा हलका हात आणि सिलिका जेलची पाकिटं पुरतात. पाकिटं अधूनमधून बदलावी लागतात.

ब्रिटनमध्ये बंदुकीच्या कपाटासाठी १९९२ पासून वेगळं मानक आहे, पोलीस घरी येऊन ते पाहतात, आणि परवाना नसलेल्या पत्नीलाही चावी कुठे असते ते कळता कामा नये अशी अपेक्षा असते. आपल्या एकत्र कुटुंबांना हे कठोर वाटेल. पण आपल्या कायद्यातही परवाना एका माणसाचा असतो, घराचा नसतो. ज्या चावीने बंदूक उघडते ती घरभर फिरत असेल, तर ते शस्त्र व्यवहारात सगळ्या घराच्या ताब्यात आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो: आपल्या घरी बंदूक नसली तरी मुलं ज्यांच्याकडे खेळायला जातात त्यांच्याकडे असू शकते. तिथे ‘आस्क’ नावाची मोहीम आहे, २१ जून हा तिचा दिवस. मूल पाठवण्याआधी समोरच्या पालकांना ‘घरात बंदूक आहे का, असल्यास ती रिकामी आणि कुलूपबंद आहे का’ असं विचारायचं. आपल्या स्वभावाला हे विचारणं जड जातं. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आपण न संकोचता सांगतो, त्याच सुरात हेही विचारता येतं.

राहिला चावीचाच एक प्रश्न, जो घरात कुणी काढत नाही. परवानाधारक वारला तर? बंदूक लगेच कुणाचीच होत नाही. शस्त्र कायद्यानुसार ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, आणि वारसाला स्वतःचा परवाना मिळाल्यावरच ती परत मिळते. पण दुःखाच्या त्या दिवसांत पेटी उघडायलाच आली नाही, तर घरचे ती फोडतात, किंवा वर्षभर तशीच ठेवतात. म्हणून परवान्याची प्रत, बंदुकीचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि चावी किंवा कोड कसा मिळेल याची चिठ्ठी सीलबंद पाकिटात घालून बँकेच्या लॉकरमध्ये किंवा वकिलाकडे ठेवावी. पाकिटावर ‘उघडल्यावर आधी पोलीस ठाण्याला फोन करा’ असं ठळक लिहावं, आणि ते पाकीट कुठे आहे एवढंच घरातल्या एका जबाबदार माणसाला सांगावं.